नाथाच्या ओवरीत बसलेला माणूस

कॉलेज शिकून आलेला आमच्या घरातला पहिला माणूस मी. वडील तळवड्याला शेती करायचे. त्यांना सही करता येत नव्हती, पण माझ्या दवाखान्याच्या पाटीवरची अक्षरं ते बोटानं चाचपून बघायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "हे आमच्या पोराचं नाव हाय, वाचा." त्या पाटीचा मला अभिमान होता आणि आजही आहे, उगाच नम्रपणाचा आव कशाला आणू? पण देवळावरून जाताना हात जोडायची लहानपणची सवय कॉलेजात कधी सुटली ते मात्र मला कळलं नाही. देव नाही असं मी कधी म्हटलं नाही. माझ्या कामात त्याची गरज पडत नाही, एवढंच वाटायचं. ती समजूत एका नवरात्रात गळून पडली. जे घडलं ते जसंच्या तसं सांगतो. त्याला काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

पन्नास सालानंतरची ती मधली वर्षं. पिंपरी-चिंचवड असं एका दमात तेव्हा कुणी म्हणत नसे. पिंपरी वेगळी, चिंचवड वेगळं, मधे ज्वारीची रानं आणि बाभळी. पवना नदीचं पाणी ओंजळीनं प्यायचो आम्ही. मुंबईच्या रस्त्यावरून एखादा ट्रक गेला की त्याची धूळ खाली बसेपर्यंत दुसरा येत नसे. पिंपरीला फाळणीनंतर आलेल्या लोकांची वस्ती होती आणि इकडेतिकडे कारखान्यांचे पाये खणायला सुरुवात झाली होती. मुरूम उपसायला, खडी फोडायला लांबलांबचे लोक यायचे. आजही कधी डोळे मिटले की त्या खडीवरच्या हातोड्यांचा एकसारखा आवाज ऐकू येतो, आणि आपण पुन्हा सायकलवर बसलोय, हँडलला औषधांची पिशवी लटकतेय, असं वाटतं. तेव्हाचे दिवस सुखाचे होते असं नाही. पण माझी उमेद नवी होती, गुडघे धड होते आणि रस्त्यात भेटणारा प्रत्येक माणूस थांबून बोलायचा.

माझा दवाखाना पवनेकाठच्या एका गावात होता. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढं ज्यांच्याविषयी लिहिणार आहे त्यांची नातवंडं तिथं नांदतायत. गावाच्या कडेला भैरवनाथाचं देऊळ. देवळाभोवती दगडी ओवऱ्या, तीन बाजूंनी भिंत आणि पुढून उघड्या. या ओवऱ्यांत ज्यांना घर नाही अशी माणसं पडलेली असायची. कामावर हात चेचला म्हणून मुकादमानं काढून टाकलेला कुणी, जत्रेला आणून लेकांनी मागं ठेवलेली एखादी म्हातारी, कुठून आलो हेच न सांगणारी एखादी बाई. सकाळी दवाखाना उघडायच्या आधी मी तिथं एक फेरी मारायचो. कुणी सांगितलं नव्हतं. शिक्षणापायी माझ्या आईनं अंगावरचं विकलं होतं, त्याची कुठंतरी परतफेड व्हावी, असं मनात असावं.

त्या फेरीत मला माझ्या शिक्षणाची एक गंमत कळली. आमची सगळी औषधं घरात राहणाऱ्यांसाठी होती. 'कोमट पाण्यानं शेका.' पाणी तापवायचं कशात? 'जखम कोरडी ठेवा.' परतीचा पाऊस तिरका आला की ओवरीत पोटरीइतकं पाणी. 'उद्या पुन्हा दाखवा.' उद्या तो माणूस कुठं असेल हे त्यालाच ठाऊक नसायचं. पट्टी बांधावी आणि दुसऱ्या दिवशी जागा रिकामी दिसावी, असं कितीदा झालं. मग दिवसभर चुटपुट लागून राहायची.

त्या भाद्रपदात ओवरीत लिंबाजी आला. परळीकडचा खडीफोड्या, तिशी ओलांडलेला, दाढी वाढलेली. ताप चढला तशी त्याची टोळी पुढच्या कामावर निघून गेली आणि त्याचं पाल, म्हणजे राहायचा तंबू, उठलं. मी तपासलं तर दोन्ही फुप्फुसं भरलेली, न्यूमोनिया. औषध होतं. पेनिसिलिनच्या सुया तेव्हा आमच्याकडं मिळू लागल्या होत्या आणि त्यांचा गुण मी डोळ्यांनी पाहिला होता. रोज एक सुई, कोरडी जागा आणि जवळ कुणीतरी. इतकं आठदहा दिवस मिळालं तर माणूस उठून चालू लागणार. पुण्याच्या मोठ्या इस्पितळात मी जाऊन विचारून आलो. खाटा सोडाच, व्हरांड्यातही जागा नव्हती. माझी खोली भाड्याची, मालकिणीची सून ओली बाळंतीण. खोकणाऱ्या माणसाला तिच्या उंबऱ्याआत नेणं मलाच पटेना. तळवड्याला घरी न्यायचं तर बैलगाडीचे हिसके त्याला सोसले नसते. मग ओवरीतच सुया सुरू केल्या. दवाखान्यातली धुतलेली पांढरी चादर त्याच्याभोवती गुंडाळली. आडवं पडलं की त्याला श्वास पुरत नसे, म्हणून सांगितलं, "भिंतीला टेकून ताठ बसून राहा. बोलायचं नाही, धाप लागते. दुधाशिवाय काही पोटात घालू नकोस."

"बरं, डाक्टरसाब," तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली. न बोलण्याचा हुकूम त्यानं माझ्यादेखत मोडला होता. तेवढ्यातही हसला बिचारा.

ताप जरा खाली येतोय असं वाटतंय तोच पितृपंधरवडा सरला आणि घटस्थापना आली. त्या गावात एक रीत होती, अजूनही असेल. नवरात्रात ज्यांचा नवस असेल ती माणसं देवळात 'घटी बसायची'. घटापाशी अंथरूण टाकायचं, उपास करायचा, अखंड दिव्याला तेल घालायचं आणि दसऱ्यापर्यंत देवळाचं आवार सोडायचं नाही. त्यासाठी आदल्या दिवशी ओवऱ्या धुऊन मोकळ्या करायच्या. गुरवानं सगळ्यांना हलवायला सुरुवात केली. बाकीची माणसं बोचकी उचलून आमराईत निघून गेली, त्यांना सवय होती. लिंबाजीला उठता येत नव्हतं. मी पाटलांकडं गेलो. पाटील दुष्ट माणूस नव्हता. त्यानं मला चहा पाजला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "डाक्टर, तुमी शिकल्यालं, तुमाला काय सांगायचं? पर त्यो मानूस घट बसल्यावर देवळात मेला, तर देवाला इटाळ. घट उठवाय लागंल. पुन्हा या गावात कुनी कुना भिकाऱ्याला त्या वसरीत पाय ठिवू देनार न्हाई. तुमच्याच वाटंत काटं पडत्याल. सकाळच्याला मानसं धाडतो, उचलून आमराईत ठिवू."

तो खरंच बोलत होता. आमराईत ओल होती आणि आभाळ भरून आलेलं होतं. एक रात्र भिजला की लिंबाजी संपला, आणि ओवरीत राहून दगावला तर त्याच्यामागून येणाऱ्या सगळ्यांची जागा संपली. दिवेलागणीला देवळावरून परतताना मी सायकल थांबवली. हात जोडले नाहीत. गाभाऱ्यातल्या काळ्या मूर्तीकडं बघून, शेजाऱ्याशी भांडावं तसा मी बोललो, "मला जेवढं येत होतं तेवढं मी केलं. घर तुझं आहे. आता तूच बघ." बोललो आणि माझी मलाच लाज वाटली. शिकलेला माणूस, आणि दगडावर राग काढतोय!

सकाळी सुई उकळून, डबीत घालून मी थेट आमराई गाठली. लिंबाजी तिथं नव्हता. तसाच देवळाकडं वळलो आणि बघतो तर काय, तो ओवरीतच होता. जागा शेणानं सारवलेली. कपाळाला गुलाल. पुढ्यात तांब्यात दूध, आणि समोर नऊवारीतल्या पाचसहा बायका हात जोडून बसलेल्या. त्यांच्या म्होरक्या होत्या ठकूआत्या. साठी उलटलेल्या, गावातल्या निम्म्या लोकांना अंगाखांद्यावर खेळवलेल्या आणि उरलेल्या निम्म्यांना शिव्या घातलेल्या.

कसं झालं ते गुरवानं मला खांबाआड नेऊन सांगितलं. त्याला हसूही येत होतं आणि घामही फुटला होता. पहाटे बायका घटी बसायला आल्या. धुतलेल्या रिकाम्या ओवऱ्या, आणि त्यात हा एकटा माणूस. पांढऱ्या वस्त्रात, पाठ ताठ, डोळे मिटलेले, दाढी वाढलेली. विचारलं तर बोलेना. भाकरी पुढं केली तर मानेनं नको म्हणाला, दूध तेवढं घेतलं. ठकूआत्यांनी ठरवूनच टाकलं की लांबून कुणी नाथाचा भक्त मौन धरून घटी बसायला आलाय. माझ्या एकेका सूचनेचा तिथं नेम झाला होता. मी कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात पाटील दोन गड्यांना घेऊन आला. "आत्या, सरा बाजूला. ह्याला हलवायचाय."

"कुनाला?" आत्यांनी पदर खोचला. "घटी बसल्याल्या मानसाला? तुझ्या बापानं असलं धाडस कवा केलं न्हवतं रं, तुझं डोस्कं फिरलंय का!"

"आत्या, आजारी हाय त्यो. भिकारी हाय."

"आजारी? तू जल्मात एक उपास केला न्हाईस, तुला काय कळतंय? मौनात हाय त्यो."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "जात कंची हाय पर?" आत्या वळल्या सुद्धा नाहीत. म्हणाल्या, "घटी बसल्याव ती देवाला इचार. मला कशापायी इचारतीस?"

पाटलानं माझ्याकडं बघितलं. "डाक्टर, तुमीच सांगा काय ते."

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर आल्या. गप्प राहिलो असतो तर चाललं असतं. गुरव मला डोळ्यांनी तेच सुचवत होता. पण मला फिरवून बोलता येत नाही. लहानपणापासूनची खोड आहे, तिच्यापायी बरंच नुकसान झालंय. मी म्हणालो, "आत्या, पाटील खरं बोलतायत. ह्याला न्यूमोनिया आहे. मौन वगैरे काही नाही, मीच बोलू नको म्हणून सांगितलंय. ताठ बसलाय तो दम लागतो म्हणून. चादर माझ्या दवाखान्यातली आहे. मी त्याला रोज सुई देतो. घर नाही म्हणून इथं आहे."

बोलून झालं आणि वाटलं, संपलं. आपल्याच हातानं त्याला आमराईत नेऊन टाकलं.

आत्यांनी लिंबाजीच्या खांद्यावरची घसरलेली चादर वर ओढली. मग म्हणाल्या, "मंग? दुखतंय म्हनूनच मानूस देवापाशी बसतंय न्हवं? ठनठनीत मानूस कशाला बसंल? मी गुडघ्यापायी बसली, ही शेवंता कुशीपायी बसली. त्याची छाती भरली, त्यो छातीपायी बसंल. तुला सुया द्यायच्या तर दे की, आमी काय नगं म्हनतोय व्हय?"

"आनि मेला तर, आत्या?" पाटील हळू आवाजात म्हणाला.

भीती सगळ्यांनाच होती. ठकूआत्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या, लिंबाजीपुढं वाकल्या आणि मघापेक्षा अगदी वेगळ्या, लेकराशी बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "बाबा, तूच सांग. बसलायस का रं नाथापाशी?"

लिंबाजीनं डोळे उघडले. आधी माझ्याकडं बघितलं, परवानगी मागितल्यासारखं. मग गाभाऱ्याकडं. घोटभर श्वास घेतला आणि म्हणाला, "बसलो, माय."

झालं. एकदा तोंडानं म्हटलं की घटी बसलेल्याला दसऱ्याआधी कुणी उठवायचं नाही, ही रीत पाटलाच्या आज्यापणज्याहून जुनी होती. पाटलानं डोक्यावरचं मुंडासं नीट केलं, गाभाऱ्याकडं हात जोडून "आता तुजी जोखीम" म्हणाला आणि गड्यांना घेऊन परत गेला.

पुढच्या दिवसांत मी जे पाहिलं त्यानं माझं आयुष्य बदललं. चमत्कार म्हणावा असं त्यात काहीच नाही. बायकांनी चूल मांडली होती, तिच्यावर पाणी सदा गरम असायचं; लिंबाजीची छाती शेकली जाऊ लागली. दूध उपासाला चालतंच, ते वेळच्या वेळी मिळू लागलं. पाऊस तिरका येऊ लागला तशा बायकांनी ओवरीच्या तोंडाला गोधड्या टांगल्या. आणि अखंड दिवा विझता कामा नये म्हणून आळीपाळीनं कुणी ना कुणी जागं असायचंच. दिव्याला तेल घालायला उठलेली बाई जाताजाता त्याला टेकवून नीट बसवायची, पांघरूण ओढायची. जे मी कागदावर लिहायचो आणि जे कुणालाच मिळायचं नाही, ते सगळं तिथं न लिहिता होत होतं. औषध माझ्या डबीत होतं, पण घर नाथाच्या दारात उभं राहिलं होतं.

पाचव्या माळेला त्याचा ताप पुन्हा भडकला. बडबडायला लागला, मुकादमाला हाका मारू लागला. पाटील दोनदा येऊन दारातूनच बघून गेला. मी दवाखाना बंद ठेवून दिवसभर तिथंच बसलो. करण्यासारखं होतं ते करून झालं होतं. सुई दिली होती, मनगट हातात होतं. दुपारी बायका दमून कलंडल्या होत्या. ठकूआत्या मला म्हणाल्या, "नुसता बसू नगंस. दिव्याला तेल घाल जा." मी उठलो. शाळा सोडल्यापासून मी देवाच्या दिव्याला हात लावला नव्हता. बेतानं तेलाची धार धरली. मी काही मागितलं नाही. मागायचं काय, हेच सुचेना. फक्त इतकं जाणवलं की हा माणूस एकट्या माझ्यावर सोपवलेला नाही. खांद्यावरचं ओझं कुणीतरी दुसऱ्या बाजूनं उचलून धरावं तसं वाटलं. डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसलं नाही. ज्याच्यासमोर पुसावं असं तिथं कुणी परकं नव्हतं.

संध्याकाळच्या आरतीच्या वेळी लिंबाजीला दरदरून घाम फुटला. चादर चिंब झाली. मी कपाळाला हात लावला, ताप उतरला होता. पेनिसिलिननं उतरवला म्हणाल तर मी नाही म्हणणार नाही, मी डॉक्टर आहे. पण ज्या छपराखाली पेनिसिलिनला आपलं काम करता आलं ते मी मिळवलेलं नव्हतं. मी तर खरं बोलून ते जवळजवळ घालवलंच होतं.

दसऱ्याला लिंबाजी इतरांबरोबर उठला. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत चालत गेला आणि तिथं डोकं टेकून बराच वेळ तसाच राहिला. ठकूआत्यांनी त्याच्या हातावर सोनं ठेवलं, म्हणाल्या, "आता बोल की रं मेल्या, नवरातर सरलं." तो म्हणाला, "काय बोलू, माय? इतक्या जनात कवा बसलो नव्हतो." पुढं हिवाळाभर तो देवळाचं आवार झाडत राहिला, अंगात ताकद आल्यावर चाकणच्या बाजूला कामाला गेला, आणि पुढच्या घटस्थापनेला हातात नारळ घेऊन धडधाकट परत आला.

पण सांगायचं खरं ते पुढंच आहे. दसऱ्यानंतर आमराईतली माणसं आपापली बोचकी घेऊन परतली. त्यांच्यात एक बाई होती, पायाला सडकी जखम, तापानं फणफणलेली. मी पट्टी बांधत होतो. पाटील देवळातून बाहेर येत होता. तो थांबला, बाईकडं बघितलं, मग माझ्याकडं. आता हा काय म्हणतो या धास्तीनं मी पट्टी हातात धरून तसाच राहिलो. पाटलानं विचारलं, "डाक्टर, ही बसलीया का?"

नवरात्र संपलं होतं, घट उठले होते. आम्हा दोघांनाही ते ठाऊक होतं. मी म्हणालो, "व्हय, बसलीय."

"मंग बायकास्नी सांगतो दुधाचं," म्हणून तो खाली उतरला.

त्या दिवसापासून त्या गावात बेघर आजाऱ्याला कुणी भिकारी म्हटलं नाही. तो 'बसलेला' असायचा. बरा होईपर्यंत बसायचा, मग उठायचा. काहीजण तिथंच वारले, कारण माझ्या हाताला तेवढंच यश होतं. पण देवाला विटाळ झाल्याचं कुणी बोललं नाही. मी तिथून दुसरीकडं गेलो तोवर अशी किती माणसं त्या ओवरीत बसली आणि उठली ते मी कधी मोजलं नाही.

आता तिथं सिमेंटचा सभामंडप झालाय म्हणतात. आमराईच्या जागी इमारती आल्या आहेत. ठकूआत्या, पाटील, गुरव, सगळे गेले. माझेही दिवस उतरणीला लागलेत. सकाळी पूजेला बसलो की माझ्याकडून मागणं असं होत नाही, त्या माणसांची तोंडंच एकेक करून डोळ्यांपुढून जातात, आणि मन भरून येतं. माझ्या शिक्षणाचा अभिमान मी सोडलेला नाही. देवानंही तो सोडायला सांगितलं असं मला वाटत नाही. त्यानं मला एवढंच शिकवलं की सुई वेळेवर उकळायची, खरं ते बोलायचं, आपल्या वाट्याचं काम चोख करायचं आणि उरलेलं त्याच्या ओवरीत ठेवून घरी यायचं.